झाडपाल्यातून आजही नवी औषधं निघतात का, की आता सगळं कॉम्प्युटरवरच ठरतं?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहतात, शुगर असलेल्या लोकांना एका झुडपाच्या पाल्याचा काढा देतात आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणतात. त्या काढ्यातून खरंच नवं औषध निघू शकेल का, आणि निघायचं तर पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी धुळे जिल्ह्यात एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नोसी शिकवतो. औषधी वनस्पती आणि त्यांच्यातली रसायनं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

निघतात, आजही निघतात. १९८१ ते २०१९ या काळात जगात जी १८८१ नवी औषधं मंजूर झाली, त्यांतली जवळपास पाव हिस्सा औषधं एकतर निसर्गातून जशीच्या तशी उचललेली आहेत, नाहीतर निसर्गातल्या रेणूत फेरफार करून बनवलेली. यात झाडं आली, तशी बुरशी आणि मातीतले जिवाणूही आले. मात्र झाड तयार औषध क्वचितच देतं. ते रेणूचा कच्चा आराखडा देतं, आणि शरीरात नेमकं कुठे बोट ठेवलं तर फरक पडतो याचा सुगावा देतं. पुढचं सगळं माणसाला करावं लागतं, आणि त्यात एकेकाची हयात जाते.

शुगरचंच घेऊ, कारण या आजाराच्या औषधांत झाडाझुडपांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. आजोबांकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात मेटफॉर्मिनची पट्टी असेलच. तिचं मूळ युरोपातल्या गलेगा नावाच्या शेंगवर्गीय झुडपात आहे. हे झुडूप गुरामेंढरांना विषारी. त्यातलं गॅलेगिन हे द्रव्य १९२० च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिलं, शुगर उतरली, पण अंगावर यायला लागलं म्हणून सोडून दिलं. त्याच घराण्यातला मेटफॉर्मिन हा रेणू १९२२ मध्ये डब्लिनला प्रयोगशाळेत तयार झाला होता, आणि त्याकडे कितीतरी वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १९५७ मध्ये फ्रान्सच्या ज्यां स्टर्न या डॉक्टरांनी तो मधुमेहासाठी वापरला. अमेरिकेच्या बाजारात यायला १९९५ उजाडलं. आज आपल्या मेडिकलवर ती पट्टी काही रुपयांत मिळते.

दुसरं उदाहरण याहून मजेशीर आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य असतं, ते १८३५ मध्ये वेगळं काढलं गेलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हे दिलं की लघवीतून साखर बाहेर पडायला लागते. म्हणजे मूत्रपिंड जी साखर गाळून परत रक्तात घेतं, ते परत घेणंच हे द्रव्य अडवतं. ऐकायला औषध तयारच वाटतं, नाही का? पण तोंडावाटे दिलं की आतड्यातच त्याचे तुकडे पडायचे, आणि जे उरायचं ते आतड्यातलं साखरेचं शोषणही अडवायचं, म्हणजे जुलाब. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतली साखर ज्या जोडावर लोंबकळत होती तो जोडच बदलला. मध्ये ऑक्सिजन होता तो काढून साखर थेट कार्बनला बांधली, म्हणजे आतड्यातल्या विकरांना (एन्झाइमना) ती तोडता येईना. त्यातून डॅपाग्लिफ्लोझिन आलं. युरोपात ते २०१२ मध्ये मंजूर झालं, भारतात २०२० मध्ये पेटंट संपलं आणि भाव धाडकन उतरला. आता तेच औषध हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या आजारातही देतात. सालीतला रेणू हातात आल्यापासून गोळी बाजारात यायला पावणेदोनशेच्या वर वर्षं लागली. (गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेतून निघालेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मंजूर झालं. वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची आज चर्चा आहे, त्या कुळातलं बाजारात आलेलं ते पहिलं. पालीच्या वाट्याला गेलो तर हे उत्तर संपणार नाही.)

आता सदाफुली. आपल्याकडे सकाळी फिरायला निघालेली मंडळी कुणाच्या तरी कुंपणातून पांढऱ्या सदाफुलीची फुलं-पानं तोडून चघळताना तुम्हीही पाहिली असतील, शुगरवर चांगली म्हणून. जगात इतर ठिकाणीही हीच समजूत होती, आणि तीच तपासायला कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी सदाफुलीचा अर्क जनावरांना दिला. शुगर काही उतरली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं म्हणजे रक्ताचा कर्करोग, तेव्हा हा धागा त्यांनी सोडला नाही. १९५८ मध्ये विनब्लास्टिन जाहीर झालं, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही देतात. लोकपरंपरेनं झाड बरोबर दाखवलं, आजार मात्र दुसराच निघाला. आजोबांच्या झुडपाच्या बाबतीत हीही शक्यता धरून चाला. आणि कुंपणावरची पानं चघळणाऱ्यांना सांगा की त्या पानात ही द्रव्यं इतकी कमी असतात की ग्रॅमभरासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे चघळून ना शुगर आटोक्यात येणार, ना कर्करोग टळणार.

लोक मला नेहमी विचारतात, सर, झाडात आहे तर झाडच का नाही द्यायचं, वेगळं काढायचा खटाटोप कशाला? याचं उत्तर आपल्या कपाशीच्या शेतातच आहे. फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस सरकारी दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत असते, छातीत पाणी झाल्यासारखी घरघर असते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात. अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची, आणि छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा डोस, नाडी आणि बाहुल्यांवर नजर ठेवून. आता हे अ‍ॅट्रोपिन ज्या अल्कलॉइडांच्या (झाडांतल्या नायट्रोजनयुक्त रसायनांच्या) कुळातलं आहे, ते त्याच शेताच्या बांधावरच्या धोतऱ्यात भरलेलं असतं. म्हणून कुणी धोतऱ्याचं बी वाटून देईल का? या झाडातलं आणि त्या झाडातलं प्रमाण वेगळं, बियांतलं वेगळं, पानांतलं वेगळं. कमी पडलं तर माणूस विषानं जाणार, जास्त झालं तर धोतऱ्यानं. मिलिग्रॅममध्ये मोजता येईल असं द्रव्य हाती येतं तेव्हाच असा डोस देता येतो.

खानदेशातल्या माणसानं हा प्रश्न विचारलाय म्हटल्यावर रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणींचं नाव घेतल्याशिवाय मला राहवणार नाही. जन्म १९२५, नंदुरबार. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. मुंबई विद्यापीठातून बी. एस्सी. आणि एम. एस्सी., पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएच. डी., आणि मग नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं त्या काळात झाडांचे नमुने गोळा करून त्यांतून कर्करोगावरची औषधं शोधायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातले नमुने या दोघांकडे यायचे. एका चिनी झाडातून त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन काढलं. दुसरा नमुना अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातल्या पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचा. तिच्यातून निघालेला रेणू टॅक्सॉल, म्हणजे आजचं पॅक्लिटॅक्सेल.

हे काम कसं चालतं ते बघा. सालीचा अर्क काढायचा, तो दोन न मिसळणाऱ्या द्रावकांत वाटायचा, दोन्ही भाग तपासणीला पाठवायचे. ज्या भागात कर्करोगाच्या पेशी मारायची ताकद दिसली तो पुढे न्यायचा, दुसरा बाजूला. पुन्हा वाटायचा, पुन्हा पाठवायचा. प्रत्येक वेळी माल कमी, ताकद जास्त. वॉल आणि वाणींनी १२ किलो साल-खोडापासून सुरुवात केली आणि हातात आला सुमारे अर्धा ग्रॅम टॅक्सॉल. शेकडा ०.००४. त्या अर्ध्या ग्रॅमवर रेणूची रचना शोधून १९७१ मध्ये छापली. त्यानंतर काही वर्षं शुकशुकाट. द्रव्य पाण्यात विरघळत नव्हतं, झाड कमालीचं हळू वाढतं आणि साल सोलली की मरतं, तेव्हा अंगावर घ्यायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं की टॅक्सॉलची तऱ्हाच निराळी आहे. पेशी विभागताना तिच्यात सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. सदाफुलीची द्रव्यं तो उभाच राहू देत नाहीत, टॅक्सॉल तो मोडू देत नाही. दोन्हीकडे पेशी अडकून मरते. मग चक्रं फिरली. १९९२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि सालीऐवजी युरोपातल्या यूच्या पानांतून निघणाऱ्या दुसऱ्या रेणूपासून पॅक्लिटॅक्सेल बनवायची वाट सापडली. पानं पुन्हा येतात, झाड वाचतं.

कॅम्प्टोथेसिनची गत आणखी वेगळी. सत्तरच्या दशकात माणसांवरच्या चाचण्यांत मूत्राशयातून रक्त जायला लागलं म्हणून ते बंदच पडलं. १९८५ मध्ये ते पेशीत नेमकं कोणत्या विकराला धरतं ते कळलं, मग रेणूत बदल झाले आणि १९९६ मध्ये टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही दोन औषधं अमेरिकेत मंजूर झाली. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडतं. व्हायचं तेच झालं, नरक्यावर चोरट्या कुऱ्हाडी पडायला लागल्या. वाणी २०२० मध्ये वारले. माझ्या वर्गात दर वर्षी नंदुरबार-शहाद्याची पोरं असतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना पाठ असतं, वाणी कुठले हे सांगितलं की एकमेकांकडे बघतात.

मग प्रश्न उरतो, सातपुडा इथे, यावल-तोरणमाळची जंगलं इथे, दर जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं, तरी इथून काही का निघत नाही? झाडं कमी नाहीत. आम्ही अर्ध्या वाटेवर थांबतो. एम. फार्म.चा ठरलेला प्रबंध असा असतो: एखादी वनस्पती घ्यायची, सावलीत वाळवायची, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात मेथनॉलनं अर्क काढायचा, अल्कलॉइड आहे, फ्लेव्होनॉइड आहे, टॅनिन आहे असा तक्ता भरायचा. मग उंदराचा पंजा सुजवायचा, अर्क पाजायचा, सूज उतरली की ‘लक्षणीय परिणाम’ असं लिहायचं आणि बाइंडिंगला टाकायचं. त्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात. त्यांतलं कोणतं काम करतं हे कुणी शोधत नाही, कारण त्याला दोन वर्षं पुरत नाहीत आणि परीक्षकही ते मागत नाही.

खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं आहे. काचेच्या उभ्या नळीत सिलिकाची पांढरी पूड दाबून भरायची, वर अर्काचा काळा-हिरवा थर. वरून द्रावक सोडायचं, खाली टेस्ट ट्यूबा बदलत राहायच्या. आधी पिवळसर पट्टा उतरतो, मागून गडद हिरवा, आणि बऱ्याचदा कामाचं द्रव्य बिनरंगाचं असतं, ते कधी उतरून गेलं कळतही नाही. म्हणून प्रत्येक ट्यूबमधला ठिपका टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळी दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) घ्यायचा आणि अतिनील दिव्याखाली बघायचा. नवी पोरं प्लेटवर लालभडक चमकणारा ठिपका बघून उड्या मारतात. ते निव्वळ हरितद्रव्य असतं.

हळदीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट भारतानं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, त्याचा अभिमान आहेच. पण कर्क्युमिन हा रेणू रक्तात धड शोषला जात नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवण्यात पटाईत आहे. त्यावर हजारोंनी शोधनिबंध आहेत, औषध नाही. याउलट अडुळसा. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन बनलं आणि त्यावरून अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचा, सापडेल.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो का हे पडद्यावर बघणं आता सोपं झालंय, इतकं सोपं की कोविडच्या काळात जो तो तुळशी-गुळवेलीतला एकेक रेणू विषाणूच्या प्रथिनावर बसवून निबंध छापत होता. पडद्यावर सगळंच बसतं. उपयोग आहे तो हजारांतून पन्नास निवडायला. त्या पन्नासांतला एक तरी खरा आहे का, ते शेवटी ट्यूबमध्ये आणि जनावरातच कळतं.

आता आजोबांच्या काढ्याकडे. मला पहिलं हे सांगा, ते पाला उकळतात की नुसता ठेचून रस काढतात? चीनमध्ये मलेरियावर औषध शोधताना तू यूयू नावाच्या संशोधिकेला एका वनस्पतीच्या अर्कात कधी गुण दिसायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात लिहिलं होतं की मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळायचा उल्लेखच नाही. त्यावरून त्यांना वाटलं की उष्णतेनं द्रव्य मोडत असेल. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला आणि तो चालला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, २०१५ मध्ये नोबेल मिळालं. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतो. जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा तो प्रयोग इथे करायचा तर आधी खोली थंड करावी लागेल. सांगायचा मुद्दा, कोणता भाग, कोणत्या महिन्यात तोडलेला, ओला की वाळलेला, पाण्यात की ताकात, हे सगळं आजोबांच्या तोंडून जसंच्या तसं लिहून घ्या. संशोधकाला नुसत्या नावापेक्षा हे जास्त कामाचं असतं.

नावावर तर विसंबूच नका, एकाच नावाची चार झुडपं गावोगाव असतात. फूल-फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, पावसाळा असेल तर कागद रोज बदला, आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात ओळखून घ्या. कदाचित ते शुगरवर प्रसिद्ध असलेलं गुडमारच निघेल, त्यावर बरंच काम झालेलं आहे.

कुणालाही कृती सांगण्याआधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे चौकशी करा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाचं असं ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत नोंदवता येतं, आणि कंपनीनं वापरलं तर लाभातला वाटा मागता येतो. केरळातल्या काणी आदिवासींना त्यांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीबद्दल परवान्याच्या रकमेतला निम्मा हिस्सा मिळाला होता. ते त्या कायद्याच्याही आधी. आपल्याकडचा अनुभव वेगळा. धडगावच्या बाजारात मुळ्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याबाबांनी मला सुनावलं होतं, “तुम्ही फोटू काढतस, नाव लिखी लेतस, मंग परत येतस नही.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि गुण येतो म्हणता, तर तो मोजा. काढा घेणारा माणूस त्याच दिवसांत साखरेचा चहा सोडतो, चालायला लागतो, मेटफॉर्मिनही चालूच असतं. श्रेय जातं काढ्याला. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेणाऱ्यानं वरून काढा घेतला आणि काढ्यात खरंच दम असला, तर उपाशीपोटी शुगर एकदम खाली जाऊन तो शेतात कोसळू शकतो. आजोबांना सांगा, येणाऱ्याला आधी गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारायचं. गोळी बंद करून नुसत्या काढ्यावर राहिलेला कुणी असेल, तर त्याला या आठवड्यातच एचबीए१सी आणि क्रिएटिनिन करायला पाठवा. एका सकाळचा उपाशीपोटीचा आकडा धरू नका. मागच्या तीन महिन्यांची सरासरी एचबीए१सीत दिसते, आणि किडनीवर काही बेतलं असेल तर ते क्रिएटिनिनमध्ये.